फाजचे कुळ कसे ठरते?

जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरियोफाज किंवा नुसते फाज म्हणतात. माणसाच्या, गुरांच्या किंवा भाताच्या रोपाच्या पेशीत त्यांना शिरता येत नाही. त्यांची सगळी धाव जीवाणूंपर्यंत. तीही मोजकी. एखादा फाज बहुधा एकाच जातीच्या जीवाणूवर चालतो, आणि त्या जातीतल्याही काही वाणांवरच. जीवाणूच्या अंगावरील ठरावीक रेणूला चिकटायचे आणि आपला डीएनए आत सोडायचा, ही त्याची रीत. काही थोड्या फाजमध्ये डीएनएच्या जागी आरएनए असतो. पुढे दोन वाटा असतात. काही फाज जीवाणूच्या यंत्रणेचा ताबा घेतात, अर्ध्या-एक तासात आपल्या डझनावारी ते शेकड्यांनी प्रती तयार करतात आणि जीवाणू फोडून बाहेर पडतात. दुसऱ्या प्रकारचे फाज आपला डीएनए जीवाणूच्या डीएनएत गुंफून पिढ्यानपिढ्या तिथेच मुक्काम करतात आणि वेळ आली की जागे होतात. पहिल्यांना मारक आणि दुसऱ्यांना मुक्कामी म्हणता येईल.

त्यांची संख्या डोके चक्रावणारी आहे. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटी विषाणू सापडतात आणि त्यांतले बहुतेक फाज असतात. सबंध पृथ्वीवर एकावर एकतीस शून्ये इतके फाज असावेत, असा अंदाज वरचेवर दिला जातो. पेण तालुक्यात हमरापूरच्या बाजूला खाडीचे पाणी आणि भातशेतीची खारजमीन शेजारीशेजारी आहेत. तिथला मूठभर चिखल, गावातले गटार, गोठ्यातले शेण, माणसाचे आतडे, जिथे जीवाणू तिथे फाज. एवढ्या गर्दीत कोण कोणाच्या नात्यातला हे ठरवणे म्हणजे फाजचे वर्गीकरण. गेल्या शंभर वर्षांत त्याची पद्धत तीन-चार वेळा मुळापासून बदलली आणि शेवटचा मोठा बदल २०२२ मध्ये झाला.

या विषयाचा एक धागा भारतातून निघतो. आग्ऱ्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये नोंदवले की गंगा-यमुनेचे गाळलेले पाणी कॉलऱ्याच्या जंतूंना थोड्याच तासांत मारते. तेच पाणी उकळले की गुण जातो. त्यांनी पाहिले ते फाजचेच काम होते की दुसरे काही, यावर आजही मतभेद आहेत. फाजचा शोध म्हणून मान मिळतो तो लंडनचे फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फेलिक्स द'हेरेल (१९१७) यांना. बॅक्टेरियोफाज हे नाव द'हेरेल यांचे. ते १९२७ मध्ये भारतात आले आणि कॉलऱ्याच्या रुग्णांवर त्यांनी फाज वापरून पाहिला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या हाफकिन संस्थेतही प्लेगच्या रुग्णांसाठी फाजचा प्रयोग झाला.

त्या काळात वर्गीकरणाचा प्रश्नच नव्हता, कारण द'हेरेल यांच्या मते जगात फाज एकच होता. परिस्थितीनुसार तो वेगवेगळ्या जीवाणूंशी जुळवून घेतो, एवढेच. ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९३० च्या दशकात हा समज मोडला. एका फाजविरुद्ध प्राण्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये दुसऱ्या फाजला निकामी करतात की नाही, हे पाहून त्यांनी फाजचे वेगवेगळे गट पाडले. म्हणजे फाज अनेक होते. मग ते किती आणि कसे वेगळे, हा प्रश्न आला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर उत्तर डोळ्यांना दिसू लागले. १९४० मध्ये फाजची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि एक चमत्कारिक आकृती समोर आली: वर पैलूदार डोके, खाली शेपूट, काहींना शेपटीच्या टोकाला पायांसारखे तंतू. १९६७ मध्ये ब्रॅडली यांनी आकार आणि जनुकद्रव्याचा प्रकार पाहून फाजचे सहा गट मांडले. त्यातून पुढे शेपटीवाल्या फाजची तीन प्रसिद्ध कुले ठरली. शेपूट आखडू शकते ते मायोव्हिरिडी, लांब पण न आखडणारी शेपूट असलेले सायफोव्हिरिडी आणि आखूड शेपटीचे पोडोव्हिरिडी. १९९८ मध्ये तिन्ही कुले कॉडोव्हायरालीस या एका गणात बसवली गेली. कॅनडातील क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठाचे हान्स-वोल्फगांग आकरमन यांनी जगभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या फाजची आयुष्यभर मोजदाद ठेवली. २००७ पर्यंत ती साडेपाच हजारांवर गेली होती आणि त्यांतले ९६ टक्के शेपटीवाले होते.

पद्धत सुटसुटीत होती. छायाचित्र काढा, शेपूट पाहा, कुल सांगा. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी या तीन शेपट्या वहीत काढल्या आणि परीक्षेत गुण मिळवले. अडचण एवढीच होती की शेपटीवरून नाते कळत नव्हते.

हमरापूर, जोहे, कळवे या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांत एकाच रबरी साच्यातून एक मूर्ती शाडूची निघते आणि दुसरी प्लास्टरची. रंग चढल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. आतले द्रव्य काय ते वरून ओळखता येत नाही. शेपटीवाल्या फाजच्या बाबतीत नेमके हेच होत होते. टी-४, म्यू आणि पी-२ हे तिघेही ई. कोलाय या जीवाणूवरचे आणि तिघांचीही शेपूट आखडणारी, म्हणून तिघे मायोव्हिरिडी कुलात. पण टी-४ चा जीनोम म्हणजे सबंध जनुकीय मजकूर जवळजवळ १,६९,००० बेस-जोड्यांचा, तर म्यूचा सुमारे ३७,०००. टी-४ पक्का मारक आहे, तर म्यू जीवाणूच्या डीएनएत जागोजाग उड्या मारत स्वतःच्या प्रती काढतो. दोघांच्या मजकुरात जुळणारे जवळपास काहीच नाही. उलट उदाहरण लॅम्डा आणि पी-२२ यांचे. लॅम्डाची शेपूट लांब, लवचीक. साल्मोनेलावरच्या पी-२२ ची आखूड. जुन्या हिशेबात ही दोन वेगळी कुले. तरी दोघांच्या जनुकांचा क्रम इतका सारखा आहे की प्रयोगशाळेत त्यांचा संकर करता येतो आणि संकरातून निघालेला फाज जगतो. ज्यांचा संकर होतो त्यांना दूरच्या कुलांत बसवणारे वर्गीकरण कुठेतरी चुकत होते.

मग आतले द्रव्य वाचणे आले. त्याची सुरुवात फाजपासूनच झाली, कारण फाजचे जीनोम छोटे. १९७६ मध्ये बेल्जियममधील गेंट विद्यापीठात वाल्टर फिअर्स यांच्या गटाने एमएस-२ या फाजचा ३,५६९ बेसचा आरएनए जीनोम पूर्ण वाचला. कोणाचाही संपूर्ण जीनोम वाचला जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये फ्रेड सँगर यांच्या गटाने फाय-एक्स-१७४ चा ५,३८६ बेसचा डीएनए वाचला. १९८२ मध्ये लॅम्डाच्या ४८,५०२ बेस-जोड्या आल्या. तेव्हा हे काम वर्षानुवर्षे चालत असे. आता फाजचा जीनोम वाचणे ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

वाचन सोपे झाले तरी तुलना सोपी झाली नाही. जीवाणूंच्या बाबतीत एक सोय आहे. सगळ्या जीवाणूंत १६-एस आरएनए नावाचे एक जनुक असते, कारण त्याशिवाय प्रथिने बनत नाहीत. १९७० च्या दशकात कार्ल वूज यांनी या रेणूची तुलना करून सूक्ष्मजीवांचा वंशवृक्ष मांडला. आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या सूक्ष्मजीव संग्रहात एखाद्या नव्या जीवाणूची ओळख पटवायची तर आधी हेच जनुक पाहतात. फाजना स्वतःची प्रथिने बनवण्याची यंत्रणा नसते, ती ते जीवाणूची वापरतात. त्यामुळे सगळ्या फाजमध्ये हमखास सापडेल असे एकही जनुक नाही. सगळ्यांना लावता येईल अशी एकच पट्टी नसल्याने अख्ख्या जीनोमची अख्ख्या जीनोमशी तुलना करणे भाग पडते.

ही तुलना प्रत्यक्षात कशी होते ते एका बाटलीभर पाण्यावरून पाहता येईल. समजा, हमरापूर भागातल्या खाडीकाठच्या कोळंबीच्या तलावातले पाणी घेतले. कोळंबीच्या पिलांना मारणारा आणि अंधारात चमकणारा व्हिब्रिओ हार्वेयी हा जीवाणू किनारपट्टीवरच्या कोळंबी उत्पादकांची जुनी डोकेदुखी आहे. त्याच्यावरचे फाज मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील संशोधकांनी २००६ च्या सुमारास वेगळे काढले आणि कोळंबीच्या पिलांवर वापरून पाहिले. तोच जीवाणू इथे गळ म्हणून घ्यायचा. पाण्यातला गाळ खाली बसवून वरचे पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढले की जीवाणू वर अडकतात आणि फाज खाली उतरतात. हे पाणी ताज्या जीवाणूंत मिसळून पातळ अगारबरोबर बशीत ओततात. दुसऱ्या दिवशी बशीभर जीवाणूंचा गढूळ थर चढलेला असतो आणि त्यात जागोजाग स्वच्छ गोल ठिपके पडलेले असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एका फाजने आणि त्याच्या संततीने साफ केलेली जागा. एक ठिपका उचलून पुन्हा पसरायचा, त्यातला पुन्हा उचलायचा. असे तीनदा केले की एकाच वंशाचा शुद्ध फाज हाती लागतो.

त्याचा डीएनए काढण्याआधी जीवाणूचा सांडलेला डीएनए विकराने खाऊ घालतात. फाजचा डीएनए कवचात सुरक्षित असतो. कवच नंतर विरघळवतात. यंत्र हा डीएनए शेकडो बेसच्या तुकड्या-तुकड्यांत वाचते आणि संगणक तुकड्यांची टोके जुळवून एक सलग मजकूर तयार करतो. इथे एक फसवी जागा आहे. अनेक फाजचा डीएनए असा असतो की जुळवल्यावर त्याचे वर्तुळ तयार होते आणि वर्तुळाला आरंभ नसतो. एकाच फाजचा मजकूर दोन प्रयोगशाळांनी दोन ठिकाणांहून सुरू केला तर तो वरवर वेगळा दिसतो. म्हणून सुरुवात एका ठरलेल्या जनुकापासून करण्याचा संकेत आहे. बरेचदा ते टर्मिनेज या प्रथिनाच्या मोठ्या घटकाचे जनुक असते. डोक्यात डीएनए ठासून भरणाऱ्या यंत्रणेचा तो भाग असल्याने शेपटीवाल्या फाजमध्ये सहसा सापडतो. मग सुरुवात आणि शेवट सांगणाऱ्या खुणा शोधून जनुके ओळखतात. फाजच्या जीनोममध्ये मोकळी जागा फार कमी; जनुके एकमेकांना चिकटून बसलेली असतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांचे काम काय ते कळत नाही, असा अनुभव नव्या फाजच्या बाबतीत नेहमीचा आहे.

आता तुलना. १९९० मध्ये आलेल्या ब्लास्ट या संगणकीय साधनाने नवा मजकूर जगभरच्या जाहीर साठ्यातल्या मजकुरांशी ताडून पाहतात आणि जवळचे नातेवाईक निवडतात. मग प्रत्येक जोडीचे साम्य टक्क्यांत काढतात. हा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात चूक पटकन होते. दोन फाजचे जीनोम प्रत्येकी ५०,००० बेस-जोड्यांचे आहेत आणि त्यांतला ४५,००० चा भाग ९० टक्के जुळतो, असे धरू. म्हणजे तंतोतंत सारख्या जागा ४०,५००. पूर्ण लांबीच्या तुलनेत हे साम्य ८१ टक्के झाले. दुसऱ्या एका जोडीत फक्त ५,००० चा तुकडा जुळतो, पण तो ९९ टक्के जुळतो. इथे सारख्या जागा ४,९५० आणि एकूण साम्य जेमतेम १० टक्के. नुसता ९९ हा आकडा पाहणाऱ्याला दुसरी जोडी सख्खी भावंडे वाटेल, प्रत्यक्षात त्यांचे फारसे नाते नाही. २०२० मध्ये आलेले व्हिरिडिक हे साधन पूर्ण लांबी हिशेबात धरून असेच टक्के काढते आणि त्यांचा रंगीत तक्ता मांडते.

विषाणूंच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिती १९६६ पासून काम करते. तिच्या जीवाणू-विषाणू उपसमितीने दोन सीमा घातल्या आहेत: साम्य ९५ टक्क्यांहून अधिक असेल तर दोन्ही फाज एकाच जातीचे, ७० टक्क्यांहून अधिक असेल तर एकाच प्रजातीतले. वरच्या उदाहरणातली ८१ टक्क्यांची जोडी एका प्रजातीतल्या दोन वेगळ्या जातींची ठरते. ९५ आणि ७० हे आकडे निसर्गाने कोरलेले नाहीत. बहुतेक गट ज्या ठिकाणी आपोआप सुटे होतात तिथे माणसांनी सोयीने ओढलेल्या या रेघा आहेत आणि काही फाज नेमके रेघेवर येऊन बसतात. तरी सगळ्यांनी एकच रेघ पाळली तर पुण्यात वेगळा काढलेला फाज आणि प्रिटोरियातला फाज यांची तुलना निदान एका मापाने होते, म्हणून ती हवी.

७० टक्क्यांच्या खाली गेल्यावर डीएनएची थेट तुलना लवकरच लंगडी पडते. एकाच अमिनो आम्लासाठी डीएनएत अनेक पर्याय असतात, त्यामुळे डीएनए बराच बदलला तरी प्रथिन तेच राहू शकते. म्हणून दूरच्या नात्यांसाठी प्रथिनांची तुलना करतात. २००२ मध्ये रोहवर आणि एडवर्ड्स यांनी १०५ फाजच्या सगळ्या प्रथिनांवरून वंशवृक्ष काढला. आता त्याच धर्तीवर व्हिपट्री नावाचे साधन कोणालाही वापरता येते. दुसरी तऱ्हा जाळ्याची. कोणत्या दोन फाजमध्ये किती प्रथिने सामाईक आहेत ते मोजून त्यांना रेघांनी जोडत गेले की जाळ्यात आपोआप घट्ट पुंजके दिसू लागतात. व्हीकॉन्टॅक्ट हे साधन असे काम करते. कुल ठरवताना वृक्ष आणि जाळे दोन्ही पाहतात, शिवाय त्या गटातल्या सगळ्यांत असलेली गाभ्याची जनुके कोणती तेही तपासतात.

प्रथिनांचे क्रमही ओळखू येईनासे झाले तरी त्यांची घडी टिकते. एचके-९७ हा फाज हाँगकाँगमध्ये सापडला. त्याच्या डोक्याच्या प्रथिनाची जी विशिष्ट घडी आहे तीच शेपटीवाल्या सगळ्या फाजमध्ये दिसते आणि माणसाला नागीण किंवा कांजिण्या आणणाऱ्या हर्पिस गटातल्या विषाणूंतही दिसते. म्हणून वर्गीकरणाच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ड्युप्लोडीएनाव्हिरिया या नावाखाली, हे दोन्ही एकत्र येतात. त्याच्या खालच्या पायरीला हेउंगगोंगव्हिरी म्हणतात. हाँगकाँगचा कॅन्टोनी उच्चार त्यात आहे.

इतके सगळे करूनही एक गुंता राहतो आणि तो तांत्रिक नाही, फाजच्या जगण्यातच आहे. एका जीवाणूत एक फाज मुक्कामाला असताना दुसरा फाज शिरला तर दोघांच्या डीएनएत अदलाबदल होऊ शकते. नवा फाज डोके एकाचे आणि शेपूट दुसऱ्याची घेऊन बाहेर पडतो. डेव्हिड बॉटस्टीन यांनी १९८० मध्ये मांडले की फाजची उत्क्रांती सुट्या भागांच्या अदलाबदलीने होते; टिकतो आणि निवडला जातो तो भाग, अख्खा फाज नव्हे. अशा मिश्र रचनेला मोझेक म्हणतात. या रचनेमुळे डोक्याच्या जनुकावरून काढलेला वंशवृक्ष एक सांगतो आणि शेपटीच्या जनुकावरून काढलेला दुसरेच. दोन्ही आपापल्या जागी खरे असतात. फाजला एकच वंशवृक्ष आहे, हे गृहीतच डळमळीत होते.

याचा सर्वांत कसून अभ्यास झाला तो क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांवर जगणाऱ्या मायकोबॅक्टेरियोफाजचा. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे ग्रॅहम हॅटफुल यांच्या गटाने २००३ मध्ये असे दहा जीनोम एकदम प्रसिद्ध केले. त्यांतल्या तिघांची नावे चे-८, चे-९-सी आणि चे-९-डी. हे चेन्नईत मिळालेले फाज. दहाही जीनोम मोझेक निघाले. पुढे २००८ पासून अमेरिकेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी अंगणातली माती आणून स्वतःचा फाज शोधू लागले, त्याला नाव देऊ लागले, त्याचा जीनोम वाचू लागले आणि साठा झपाट्याने वाढला. जवळच्या फाजचे इंग्रजी मुळाक्षरांनी गट पाडले गेले आणि कोणाशीच न जुळणारे एकांडे म्हणून बाजूला ठेवले गेले. २०१५ मध्ये ६२७ जीनोम एकत्र तपासले तेव्हा दिसले की गटांमध्ये स्वच्छ दऱ्या नाहीत. काही गट खरोखर अलग आहेत, काहींच्या कडा शेजारच्या गटात विरघळतात. दोन वर्षांनी याच प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट पुढे आली: सगळे फाज सारख्या वेगाने जनुके बदलत नाहीत. काही वंश सढळ देवाणघेवाण करतात, काही आपले जपून राहतात आणि हे त्यांच्या राहणीवर, म्हणजे मारक की मुक्कामी यावर, बरेचसे अवलंबून असते. जपून राहणाऱ्यांचे वर्गीकरण सोपे जाते, सढळ हाताच्यांचे वादग्रस्त राहते.

हा पुरावा साचत गेल्यावर शेपटीची तीन कुले टिकणे अवघड होते. आधी त्यांच्यातून एकेक गट काढून नवी कुले केली गेली. एका कुलाला आकरमन यांचे नाव मिळाले. ज्यांनी आयुष्य आकार मोजण्यात घालवले त्यांचे नाव जीनोमवरून ठरलेल्या कुलाला लागले, हा योग मजेदार आहे. दुसऱ्याला द'हेरेल यांच्यावरून हेरेलेव्हिरिडी म्हटले गेले. या कुलातल्या एका उपकुलाचे नाव ट्वॉर्टव्हिरिनी. शोधाचा पहिला मान ट्वॉर्टचा की द'हेरेलचा यावर एकेकाळी कडाक्याचा वाद झाला होता. आता जीनोमने एकाला दुसऱ्याच्या घरात बसवले आहे.

शेवटी मायोव्हिरिडी, सायफोव्हिरिडी आणि पोडोव्हिरिडी ही कुले आणि त्यांच्या वरचा कॉडोव्हायरालीस हा गण २०२२ मध्ये रद्द झाले. सगळे शेपटीवाले फाज आता कॉडोव्हिरिसेटीस या एका वर्गात येतात आणि त्याखालची कुले जीनोमवरून ठरतात. ज्यांचे कुल अजून ठरलेले नाही अशा प्रजाती थेट वर्गाखाली ठेवल्या आहेत. त्याच वेळी जातींना दोन शब्दांची नावे देण्याची रीतही लागू झाली, जशी वनस्पतींना आणि प्राण्यांना असते. टी-४ ज्या जातीत मोडतो तिला टेक्वाट्रोव्हायरस टीफोर म्हणतात, लॅम्डाच्या जातीला लॅम्डाव्हायरस लॅम्डा. जुनी नावे वर्णनापुरती चालतात. मायोव्हायरस म्हणजे आखडत्या शेपटीचा फाज, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. अनेक पाठ्यपुस्तकांत जुनी कुले अजून जशीच्या तशी आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांची पंचाईत होते. पण बदल योग्यच होता. दिसते तेवढेच लिहिणारे वर्गीकरण मोडून काढायला पन्नास वर्षे लागली, याचेच नवल करायला हवे.

जीनोमच्या तुलनेने आणखी एक दार उघडले. फाज वाढवण्यासाठी त्याचा जीवाणू प्रयोगशाळेत वाढावा लागतो आणि निसर्गातले बहुतेक जीवाणू बशीत वाढत नाहीत. पण पाण्यातला किंवा विष्ठेतला सगळा डीएनए सरसकट वाचून त्यातून फाजचे जीनोम संगणकावर जुळवता येतात. २०१४ मध्ये असाच क्रासफाज नावाचा सुमारे ९७,००० बेस-जोड्यांचा जीनोम सापडला. जगातल्या असंख्य लोकांच्या आतड्यात तो आधीपासून होता, पण कोणी पाहिला नव्हता. त्याचा नातेवाईक प्रत्यक्ष वाढवता आला तो २०१८ मध्ये, आयर्लंडमधील कॉर्क इथे. २०१९ मध्ये लाक नावाच्या महाकाय फाजचे पाच लाख चाळीस हजारांहून मोठे जीनोम प्रसिद्ध झाले. बांगलादेशातल्या लाक्षाम इथल्या लोकांच्या नमुन्यांतून ते पुढे आले म्हणून हे नाव. असे फाज कधीच कोणाच्या सूक्ष्मदर्शकाखाली आले नसले तरी नुसत्या मजकुरावरून त्यांना वर्गीकरणात जागा द्यावी, हे समितीच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये मान्य केले. शेपटीवर आधारलेल्या पद्धतीत त्यांना उभे राहायलाही जागा नव्हती.

या सगळ्याचा व्यवहारात उपयोग कुठे होतो? सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत काही धाग्यांसारखे जीवाणू माजले की टाक्यांवर चिवट फेस चढतो. नागपूरच्या नीरी संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये अशा नोकार्डियासारख्या जीवाणूंना मारणारे फाज सांडपाण्यातून वेगळे काढले. असा फाज टाकीत सोडायचा असो की प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या संसर्गावर रुग्णाला द्यायचा असो, आधी त्याचे कुळ पाहावे लागते. तो मुक्कामी वंशातला असेल तर जीवाणूला मारण्याऐवजी त्याच्यात घर करील. त्याहून वाईट म्हणजे मुक्कामी फाज कधीकधी विष बनवण्याची जनुके आणतात. घटसर्पाचे विष जंतूचे स्वतःचे नाही, त्याच्यात राहणाऱ्या फाजचे आहे, हे १९५१ मध्ये दिसून आले. कॉलऱ्याच्या विषाची जनुकेही एका फाजवरच असतात, हे १९९६ मध्ये कळले. जवळच्या नातेवाइकांत मुक्कामाची किंवा विषाची जनुके असली तर नवा फाज संशयित ठरतो आणि त्याचा जीनोम त्या दृष्टीने ओळ न ओळ तपासतात.

दुसरा उपयोग मिश्रणाचा. जीवाणू एका फाजला चुकवायला लवकर शिकतात, म्हणून उपचारात दोन-तीन फाज एकत्र देतात. ते एकाच जातीचे निघाले तर तिघे मिळून एकाचेच काम करतात. २०१८ मध्ये लंडनमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला, फुप्फुस प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस या जंतूचा संसर्ग शरीरभर पसरला असताना, हॅटफुल यांच्या संग्रहातून तीन फाजचे मिश्रण देण्यात आले. तिची प्रकृती सुधारली. त्यांतला मडी हा फाज दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये कुजक्या वांग्यावरून मिळालेला आणि मुळातच मारक. बीपीएस आणि झोईजे हे दोघे मुक्कामी वंशातले, म्हणून मुक्काम टिकवणारे जनुक काढून त्यांना मारक बनवावे लागले. जीनोमच्या तुलनेत मडी एबी गटात पडतो, बीपीएस जी गटात आणि झोईजे के गटात.